बॅक्टेरियामुळे एका प्रजातीच्या दोन होतात का? जरा सविस्तर सांगतो

प्रश्न थोडक्यात असा, की किड्यांच्या पेशींत राहणारे बॅक्टेरिया त्यांची वीण आपल्या ताब्यात ठेवतात असं ऐकलं ते खरं का, आणि खरं असेल तर त्यातून नवीन प्रजाती तयार होते असं जे म्हणतात त्यात कितपत तथ्य आहे. पहिल्याला माझं उत्तर सरळ हो. दुसऱ्याला 'हो, पण'. आणि तो 'पण' एवढा मोठा आहे की दोन ओळींत उरकला तर चुकीचंच सांगितल्यासारखं होईल, म्हणून लांबलचक लिहितोय. मी वीस-बावीस वर्षं हेच काम करतोय, बाटल्यांत माश्या वाढवायच्या, काचेच्या नळ्यांत पिटुकल्या परजीवी गांधीलमाश्या वाढवायच्या, याचं तिच्याशी जमतं का बघायचं आणि मग अंडी मोजत बसायचं. त्यामुळे थिअरी कमी आणि अंडी मोजणाऱ्याला काय दिसतं ते जास्त सांगेन.

सगळ्यात आधी एक गोष्ट, ती डोक्यात बसली की बाकीचं आपोआप उलगडतं. हे बॅक्टेरिया पेशीच्या आत राहतात आणि पुढच्या पिढीत जातात ते आईकडून, अंड्यातून. शुक्राणू म्हणजे डीएनएचं गाठोडं आणि शेपूट, त्यात पेशीद्रव जवळजवळ नसतोच, शुक्राणू तयार होता होता नको असलेला सगळा माल बाहेर टाकला जातो आणि बॅक्टेरियाही त्याच कचऱ्यात जातात. म्हणजे नराच्या अंगातला बॅक्टेरिया बंद गल्लीत शिरलेला असतो, पुढे रस्ताच नाही. आता त्याच्या बाजूने हिशोब करा. ज्याच्यामुळे लागण झालेल्या माद्यांचं प्रमाण वाढेल तो टिकणार, मग त्यापायी नर मेले काय, नराची मादी झाली काय किंवा लागण नसलेल्या शेजारणीची अंडी नासली काय, त्याला घेणंदेणं नाही. प्रजाती-बिजाती तर त्याच्या गावीही नसते.

यातला सगळ्यात गाजलेला म्हणजे वोल्बाकिया. १९२४ मध्ये मार्शल हर्टिग आणि सिमियन बर्ट वोल्बाख यांना तो क्युलेक्स डासात दिसला, १९३६ मध्ये हर्टिगने त्याचं रीतसर वर्णन करून सहकाऱ्याचं नाव त्याला दिलं, आणि मग बरीच वर्षं कोणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पुढे १९५० च्या दशकात हान्स लावेन नावाचा जर्मन संशोधक ठिकठिकाणचे क्युलेक्स डास आणून त्यांचे क्रॉस करत होता, म्हणजे एका ठिकाणचा नर दुसऱ्या ठिकाणच्या मादीला देत होता. डास दिसायला अगदी एकसारखे, पण काही जोड्यांची अंडी फुटतच नव्हती, आणि गंमत म्हणजे नर इकडचा नि मादी तिकडची घेतली की अंडी मरायची, तेच उलट केलं की सगळं ठणठणीत. हे आईकडून येतंय एवढं त्याला कळलं होतं, १९५९ मध्ये त्याने याचा संबंध प्रजाती वेगळ्या होण्याशी लावूनही दाखवला, पण यामागे बॅक्टेरिया आहे हे त्याच्या हाती लागलं नाही. वोल्बाकियाकडे बोट दाखवलं ते १९७१ मध्ये येन आणि बार यांनी, आणि टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक देऊन बॅक्टेरिया काढून टाकले की अडलेले क्रॉस खरोखरच चालू होतात हे मग दिसलं. आज कीटकांच्या साधारण ४० टक्क्यांपासून दोन तृतीयांश प्रजातींत वोल्बाकिया असावा असे अंदाज आहेत, हिशोब कसा करता त्यावर आकडा बदलतो. म्हणजे ही कुठली कोपऱ्यातली भानगड नाही.

आता त्या 'अंडी फुटत नाहीत' प्रकाराकडे येतो, कारण प्रजातीच्या प्रश्नाचा जीव तिथेच आहे. याला सायटोप्लाझमिक इनकम्पॅटिबिलिटी म्हणतात, आम्ही नुसतं सीआय म्हणतो. ड्रोसोफिला, म्हणजे पिकल्या फळांवर घोंगावणारी बारीक माशी, तिच्यात चार क्रॉस लावा. दोघांनाही लागण, अंडी फुटतात. दोघेही स्वच्छ, फुटतात. मादीला लागण नि नर स्वच्छ, तरी फुटतात. फक्त नराला लागण आणि मादी स्वच्छ असली की गडबड. फळाचा रस घातलेल्या अगरच्या प्लेटवर मादीला अंडी घालायला सोडायचं, प्लेट दीड दिवस ठेवायची आणि मायक्रोस्कोपखाली मोजायची. फुटलेलं अंडं म्हणजे रिकामं चुरगळलेलं पारदर्शक टरफल, आणि जवळपास अळीने केलेले बोगदे. न फुटलेलं अंडं पांढरं, भरलेलं, त्या दोन बारीक शिंगांसकट जसंच्या तसं पडलेलं. चांगल्या तरुण नराच्या वाईट क्रॉसची प्लेट पाहिलीत तर ती सगळी पांढरीच असते, शेकडो अंड्यांत बोटावर मोजण्याइतकी टरफलं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं माशीला काहीतरी रोग झालाय. तसं काही नसतं, तीच मादी दुसऱ्या नराबरोबर दिली की दुसऱ्या दिवशी प्लेटभर अळ्या.

आत काय होतं ते फार देखणं आहे. लागण झालेल्या नराच्या शुक्राणूत बॅक्टेरिया नसतो पण त्याने जाण्याआधी काहीतरी करून ठेवलेलं असतं. अंड्यात शिरल्यावर बापाची क्रोमोसोम पहिल्या विभाजनाच्या वेळी तयारच होत नाहीत, आईची वेळेवर पुढे सरकतात, बापाची मागे लोंबकळत राहतात, ओढाताणीत तुटतात आणि भ्रूण तिथेच संपतो. अंड्यात तोच बॅक्टेरिया असेल तर तो ही गाठ सोडवतो आणि सगळं सुरळीत होतं. २०१७ मध्ये यामागची दोन जनुकं सापडली, सिफ-ए आणि सिफ-बी, आणि ती बॅक्टेरियाच्या स्वतःच्या मूळ सामानात नव्हतीच, त्याच्या डीएनएत घुसून बसलेल्या एका व्हायरसच्या तुकड्यात होती. म्हणजे माशीच्या आत बॅक्टेरिया, बॅक्टेरियाच्या आत व्हायरस, आणि त्या व्हायरसची जनुकं ठरवणार की या माशीने कोणापासून पिल्लं काढायची. मला अजूनही हे सांगताना हसू येतं.

आता एवढं वाचून कोणीही म्हणेल की झालं की मग, लागण असलेले एका बाजूला नि नसलेले दुसऱ्या बाजूला, मधे भिंत, दोन प्रजाती तयार. इथेच लोक घसरतात. ही भिंत एकाच बाजूने आहे. लागण झालेला नर आणि स्वच्छ मादी एवढाच रस्ता बंद, उलटा रस्ता सताड उघडा. आणि त्याहून मोठी अडचण अशी की सीआयमुळे लागण झालेल्या माद्यांना फायदा होतो, त्या कोणत्याही नराबरोबर अंडी घालू शकतात, स्वच्छ मादीला मात्र लागण झालेले सगळे नर वर्ज्य. त्यामुळे लागण पसरत जाते. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात ड्रोसोफिला सिम्युलन्समध्ये हे डोळ्यांदेखत झालं, लागण दक्षिणेकडून उत्तरेकडे वर्षाला १०० किलोमीटरच्या आसपास सरकत गेली. आणि लागण सगळीकडे पोचली की भिंत उरतच नाही, कारण आता सगळेच एका बाजूला. म्हणजे ही भिंत उभी राहते ती स्वतःलाच खाण्यासाठी. त्यात पुन्हा गळती, नर म्हातारा झाला की सीआय ढिला पडतो, उन्हाळा कडक असला की बॅक्टेरिया कमी होतात, काही अंड्यांत तो पोचतच नाही. त्या फटींतून जनुकं इकडून तिकडे जात राहतात, आणि दोन गट वेगळे व्हायला लागणारा वेळ मिळत नाही.

(जाता जाता, हा सीआय माणसाने वापरूनही घेतलाय. लावेनने १९६७ मध्ये बर्मात रंगूनजवळच्या ओक्पो गावात न जुळणारे नर सोडून तिथले क्युलेक्स डास संपवून दाखवले. अलीकडे डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस इजिप्ती डासात, ज्यात वोल्बाकिया मुळात नसतो, तो ड्रोसोफिलातून नेऊन टाकला, २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात केर्न्सला डास सोडले, आणि इंडोनेशियात योग्याकार्ताच्या चाचणीत डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी झाले. तिथे कामाला येतं ते दोन गोष्टींचं मिश्रण, बॅक्टेरिया डासात व्हायरसला वाढू देत नाही आणि सीआयमुळे तो आपोआप पसरतो. असो, तो वेगळा विषय.)

मग भिंत टिकते कधी? एक, दोन्ही बाजूंना वेगवेगळे वोल्बाकिया असतील तेव्हा. याने मारलेली गाठ त्याला सुटत नाही आणि त्याने मारलेली याला सुटत नाही, दोन्ही रस्ते बंद. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण नॅसोनिया, माझी आवडती. दोन-तीन मिलिमीटरची गांधीलमाशी, मोठ्या माश्यांच्या कोषाला भोक पाडून आत अंडी घालते. हिच्यात आणि बहुतेक सगळ्या गांधीलमाश्या-मधमाश्या-मुंग्यांच्या कुळात फलित अंड्यातून मादी निघते आणि अफलित अंड्यातून नर, म्हणजे नराला बाप नसतोच. त्यामुळे हिच्यात सीआय झाला की बापाची क्रोमोसोम नष्ट होतात पण अंडं मरतंच असं नाही, ते अफलित असल्यासारखं वाढतं आणि नर निघतो.

यावरून माझी एक फजिती सांगतो. नवा होतो तेव्हा दोन लाइन्सचे, म्हणजे लॅबमध्ये वेगवेगळे वाढवलेल्या दोन वंशांचे, क्रॉस लावले, चौदा दिवसांनी कोष फोडले तर आत सगळे आखूड पंखांचे नरच नर. मी म्हटलं मादीने याला जवळ येऊच दिलं नाही, कुमारी मादीला नरच होतात हे तर शाळकरी ज्ञान, आणि वहीत लिहूनही टाकलं की या दोघांत लैंगिक दुरावा आहे. मस्त शोध लागला म्हणून चार दिवस हवेत. मग ज्या बाईंकडे मी शिकत होतो त्यांनी एवढंच विचारलं, "संग झालेला पाहिलास का?" पाहिला नव्हता. पुन्हा लावले, भिंग घेऊन बसलो, नर तिच्या डोक्यावर चढून मान हलवतो ती त्यांची पद्धत, सगळं व्यवस्थित झालं. मग मादी कापून शुक्राणू साठवायची पिशवी काचेवर फोडली, तर शुक्राणू वळवळत बाहेर. म्हणजे लग्न झालं होतं, बापाचा वाटा नंतर आत गायब झाला होता. टेट्रासायक्लिन घातलेल्या साखरपाण्यावर वाढवलेल्या लाइनने तोच क्रॉस केला तर माद्या निघाल्या. तेव्हापासून कोणी 'यांचं जमत नाही' म्हटलं की मी पहिला प्रश्न विचारतो की नक्की कुठल्या टप्प्यावर जमत नाही.

तर नॅसोनिया जिरॉल्टी आणि नॅसोनिया लाँगिकॉर्निस या दोन जवळच्या प्रजाती, दोघींत आपापले वेगळे वोल्बाकिया. सेठ बॉर्डनस्टाइन, ओहारा आणि जॅक वेरन यांनी २००१ मध्ये दाखवलं की बॅक्टेरिया असताना दोन्ही बाजूंनी हायब्रिड, म्हणजे संकरित पिल्लं, जवळजवळ बंद, आणि बॅक्टेरिया काढले की हायब्रिड माद्या निघतात, जगतात, त्यांना पुढे पिल्लंही होतात. म्हणजे जनुकांत अजून मोठं काही बिघडलेलं नाही, तरी भिंत उभी आहे, आणि ती बॅक्टेरियाने बांधलीय. याचं महत्त्व क्रमात आहे. नेहमी आक्षेप असा असतो की प्रजाती आधीच वेगळ्या झाल्या होत्या, बॅक्टेरिया नंतर येऊन बसला. इथे तरी तो आधी होता. माझा एक बारीकसा खडा मात्र टाकतो, जिरॉल्टी अमेरिकेच्या पूर्वेला राहते आणि लाँगिकॉर्निस पश्चिमेला, त्या निसर्गात एकमेकींना भेटतच नाहीत, त्यामुळे ही भिंत लॅबमध्ये भक्कम असली तरी बाहेर तिच्यावर अजून कोणी धक्का मारून पाहिलेला नाही.

दुसरी परिस्थिती मला जास्त पटते. एकाच बाजूची भिंत असते, पण उरलेली बाजू दुसरंच काहीतरी बंद करतं. कॅनडा-अमेरिकेच्या जंगलात अळंबीवर वाढणाऱ्या दोन ड्रोसोफिला आहेत, रेसेन्स आणि सबक्विनेरिया. रेसेन्सला वोल्बाकियाची लागण, सबक्विनेरियाला नाही. रेसेन्सचा नर आणि सबक्विनेरियाची मादी जमली की अंडी मेली, सीआय. उलट्या बाजूला सीआय नाही, पण रेसेन्सच्या माद्या सबक्विनेरियाच्या नरांना उभंच करत नाहीत. झाले दोन्ही रस्ते बंद, एक बॅक्टेरियाने आणि एक आवडीनिवडीने. आणि खरी मजा पुढे आहे. जिथे दोन्ही प्रजाती एकत्र राहतात तिथल्या सबक्विनेरिया माद्या रेसेन्सच्या नरांना झिडकारतात, आणि जिथे रेसेन्स नाहीच तिथल्या माद्या तेवढ्या चोखंदळ नसतात. साहजिक आहे, चुकीचा नवरा केला की अख्खी अंडी फुकट जातात, मग ज्या माद्यांना जन्मतः थोडी जास्त पारख आहे त्यांचीच पिल्लं उरणार. जॉन जेनिके आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हे मांडलं, आणि त्यात हेही दिसलं की त्या चोखंदळ माद्या आपल्याच प्रजातीच्या पण लांबच्या भागातल्या नरांनाही नाकारायला लागल्यात. म्हणजे बॅक्टेरियाने एक भिंत घातली, त्या भिंतीमुळे माद्यांची पसंती बदलली, आणि त्या पसंतीमुळे आता घरातल्या घरातच फूट पडायला लागलीय. 'बॅक्टेरियाने प्रजाती घडवली' या वाक्याचा मला पटणारा अर्थ असा आहे, तो ढकलतो, पुढचं काम यजमानाची स्वतःची जनुकं आणि निवड करतात.

अशाच धर्तीवर ड्रोसोफिला पॉलिस्टोरम बघण्यासारखी आहे, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली, जिच्यात अर्धवट वेगळे झालेले गट आहेत, धड एक प्रजाती नाही धड अनेक नाहीत. तिथे वोल्बाकिया परजीवी राहिलेलाच नाही, तो पूर्ण काढला तर माशीच जगत नाही. आपापल्या गटात गुण्यागोविंदाने राहणारा हा बॅक्टेरिया हायब्रिडमध्ये मात्र बेसुमार वाढतो, भ्रूण मरतात, नर वांझ निघतात. आणि सौम्य अँटिबायोटिक देऊन त्याचं प्रमाण नुसतं कमी केलं की माद्यांचा परक्या नरांबद्दलचा नकार ढिला पडतो. हे २०१० मध्ये छापून आलं तेव्हा मी दोनदा वाचलं, कारण मादीच्या पसंतीत बॅक्टेरियाचा हात असणं ही मोठी गोष्ट आहे.

पसंतीचाच विषय निघालाय तर त्या गाजलेल्या प्रयोगाबद्दलही बोलायला हवं, कारण याबद्दल विचारणारे निम्मे लोक तोच वाचून आलेले असतात. २०१० मध्ये असं छापलं गेलं की नेहमीची ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर काहींना मळीच्या खाद्यावर आणि काहींना स्टार्चच्या खाद्यावर वाढवली की एकाच पिढीत त्या आपापल्या खाद्यावाल्यांनाच पसंत करतात, अँटिबायोटिक दिलं की ही पसंती जाते, आणि पोटातला एक लॅक्टोबॅसिलस परत दिला की येते. यजमान आणि त्याचे सगळे सूक्ष्मजीव मिळून उत्क्रांतीचं एकच युनिट धरावं अशी जी मोठी थिअरी आधीच मांडली गेली होती, तिला यामुळे जोर मिळाला. २०१७ मध्ये दुसऱ्या गटाने तोच प्रयोग नीट मोठ्या प्रमाणावर केला आणि त्यांना तो परिणाम मिळाला नाही. माझं मत विचाराल तर पोटातले बॅक्टेरिया आणि पेशीतले बॅक्टेरिया यांना एका माळेत ओवू नका. पोटातले खाण्याबरोबर येतात, खाणं बदललं की बदलतात, आईकडून मुलीकडे जायची त्यांना हमी नाही. ज्याची पिढ्यान्‌पिढ्या साथ नाही तो प्रजाती फोडणार कशी?

पोटवाल्यांच्या बाजूने सगळ्यात मजबूत पुरावा परत नॅसोनियातच आहे. व्हिट्रिपेनिस आणि जिरॉल्टी या जास्त लांबच्या जोडीचे हायब्रिड काढले की नातवंडांच्या पिढीतले नर अळीच्या अवस्थेतच मोठ्या प्रमाणात मरतात. ब्रकर आणि बॉर्डनस्टाइन यांनी २०१३ मध्ये तेच हायब्रिड जंतुविरहित वाढवले तर बरेचसे जगले, आणि बॅक्टेरिया परत दिले की परत मेले. भारी प्रयोग आहे. पण त्यावर आक्षेपही लगेच आला, की ज्याची प्रकृती जनुकांमुळे मुळातच नाजूक त्याला साधे जंतूही झेपत नाहीत, म्हणून जंतूंनी प्रजाती वेगळ्या केल्या असं होत नाही. मी या भांडणात आक्षेप घेणाऱ्यांकडे थोडा झुकलोय, पूर्ण नाही.

आता बाकीच्या युक्त्या. नर मारणं ही त्यातली सगळ्यात निर्दय. लेडीबर्ड, फुलपाखरं, माश्या, किती तरी जणांत असे बॅक्टेरिया आहेत आणि फक्त वोल्बाकिया नाही, रिकेट्सिया, आर्सेनोफोनस, स्पायरोप्लाझ्मा असे एकमेकांशी नातं नसलेले बॅक्टेरिया तिथे पोचलेत. भाऊ अंड्यातच मेले की बहिणींना खायला मिळतं, स्पर्धा कमी होते, आणि बहिणींच्या अंगात तोच बॅक्टेरिया. सामोआ बेटांवर हायपोलिम्नास बोलिना फुलपाखरात २००१ मध्ये नर जेमतेम १ टक्का उरले होते. २००६ मध्ये परत मोजले तर जवळपास ४० टक्के. बॅक्टेरिया गेला नव्हता, फुलपाखरात त्याला दाबणारं जनुक पसरलं होतं, साधारण दहा पिढ्यांत. उत्क्रांती लाखो वर्षं घेते म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो.

याचा प्रजातीशी संबंध काय? आहे, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. आग्नेय आशियातल्या याच फुलपाखरात तोच बॅक्टेरिया आहे पण नर मजेत जगतात, कारण दाबणारं जनुक तिथे जुनं आहे. आता त्यांचा संकर पॉलिनेशियातल्या, ते जनुक नसलेल्या फुलपाखरांशी करत गेलं की काही पिल्लांच्या वाट्याला ते जनुक येत नाही आणि नर पुन्हा मरायला लागतात. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसतं, दोन भागांतली फुलपाखरं, प्रत्येक आपल्या जागी निरोगी, संकर केला की नर मरतात. हे वर्णन पुस्तकात 'दोन गट वेगळ्या प्रजाती होऊ लागल्याचं लक्षण' म्हणून दिलेलं असतं. इथे ते एका जुन्या, मिटलेल्या भांडणाचं भूत आहे.

मादी बनवण्याचा प्रकार दगडाखाली सापडणाऱ्या, हात लावला की गोळी होणाऱ्या आर्माडिलिडियम या कवचधारी प्राण्यात सगळ्यात नीट कळलाय. जो जनुकांनी नर व्हायचा तो वोल्बाकियामुळे मादी होतो. मग मादीचं वेगळं क्रोमोसोम हळूहळू नाहीसंच होतं, कारण मादी ठरवायचं काम बॅक्टेरिया करतोय. २०१६ मध्ये कळलं की काही वंशांत वोल्बाकियाच्या जीनोमचा सुमारे ३० लाख अक्षरांचा तुकडा यजमानाच्या क्रोमोसोममध्ये घुसलाय आणि तोच आता मादी ठरवतो, बॅक्टेरिया स्वतः नसतानाही. भाडेकरू निघून गेला आणि घराचा सातबारा त्याच्या नावावर.

आणि ट्रायकोग्रामासारख्या चिमुकल्या गांधीलमाश्यांत तर नरांची गरजच संपवलीय, अफलित अंड्याचा क्रोमोसोम संच दुप्पट होतो आणि मुलगी निघते. रिचर्ड स्टाउटहॅमर यांनी १९९० मध्ये अशा माद्यांना अँटिबायोटिक दिलं तर मुलगे व्हायला लागले. मात्र जिथे हे फार काळ चाललंय तिथे माद्यांची संग करायची किंवा शुक्राणू वापरायची क्षमताच गंजून गेलेली असते, मुलगे परत आणले तरी उपयोग नाही. हा गट नात्यातल्या लैंगिक गटापासून कायमचा तुटला. ही नवीन प्रजाती म्हणायची का? 'आपसात वीण होते तो गट' ही व्याख्या इथे लागू करायला गेलात तर प्रत्येक माशी स्वतःच एक प्रजाती ठरते, त्यामुळे त्या वादात मी पडत नाही.

शेवटी ज्यांना हे स्वतः करून बघायचंय किंवा ज्यांच्याकडे दोन गटांचा डेटा आहे त्यांच्यासाठी, कारण चुका इथेच होतात. वोल्बाकिया आईकडून जातो, मायटोकाँड्रियाही (पेशीला ऊर्जा पुरवणारे, स्वतःचा वेगळा डीएनए असलेले भाग) आईकडूनच जातात, म्हणजे वोल्बाकिया पसरला की त्याच्याबरोबर एका आईचे मायटोकाँड्रिया अख्ख्या गटात पसरतात, कधी कधी दुसऱ्या प्रजातीतसुद्धा. त्यामुळे नुसत्या मायटोकाँड्रियाच्या डीएनए बारकोडवरून 'या दोन प्रजाती' किंवा 'ही एकच' असं ठरवलं तर तुम्ही किड्याचा इतिहास वाचत नसून बॅक्टेरियाचा वाचताय असं होऊ शकतं. न्यूक्लियसमधल्या डीएनएच्या खुणा, म्हणजे मार्कर, घ्याच. अँटिबायोटिक दिल्यावर लगेच क्रॉस लावू नका, टेट्रासायक्लिन मायटोकाँड्रियालाही त्रास देतं आणि पोटातले बॅक्टेरियाही झोडपतं, निदान दोन पिढ्या औषधाशिवाय जाऊ द्या आणि पोटातले बॅक्टेरिया परत बसू द्या, नाहीतर औषधाचा परिणाम वोल्बाकियाच्या खात्यावर लिहाल.

आणि पीसीआरवर, म्हणजे बॅक्टेरियाचा डीएनए आहे का ते बघायच्या चाचणीवर, आंधळा विश्वास नको. आमच्याकडे एकदा एक लाइन होती, तीन पिढ्या औषध देऊनही पीसीआरमध्ये बँड, म्हणजे डीएनए सापडल्याची पट्टी, यायचाच. डोस वाढवला, माश्या मरायला लागल्या, बँड तसाच. औषध बोगस आलंय असं समजून पुरवठादाराशी वादही घालून झाला. तोवर हे छापून आलं होतं की ड्रोसोफिला अनानासीच्या काही लाइन्समध्ये जवळजवळ अख्खा वोल्बाकिया जीनोम माशीच्याच क्रोमोसोममध्ये घुसलेला आहे, २००७ चं काम, पण आमच्या माशीतही तसं असेल हे डोक्यातच आलं नाही. शेवटी कंटाळून बीजांडकोश काढून डीएनए रंगवला आणि फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली ठेवला. जिवंत लागण असेल तर अंड्याच्या भोवतीच्या पेशींत न्यूक्लियसच्या बाहेर बारीक ठिपक्यांची रांगोळी दिसते. आमच्या काचेवर मोठे गोल न्यूक्लियस तेवढे चमकत होते, बाकी काळोख. माशी कधीच स्वच्छ झाली होती.